वाचले, दुरुस्ती नाही

कचेरीच्या बैठकीत माणसाने हात वर करू नये. मान खाजवायलासुद्धा करू नये. मी केला, आणि त्याचा परिणाम म्हणून आमच्या गावातले पाचशे प्रतिष्ठित लोक काळे कपडे घालून एका अंत्यविधीला गेले आणि तिथे पोट धरून हसले. तुम्ही म्हणाल, हात वर करण्यात एवढं काय. मीही तेच म्हणत होतो.

झालं असं की आमच्या प्रदित साहेबांच्या मातोश्री, प्रयोंग बाईसाहेब, वारल्या. साहेब म्हणजे आमच्या जमीन कचेरीचे मुख्य. (मी त्यांच्या हाताखाली एकोणीस वर्षं दुय्यम कारकून. माझं नाव जरून, पण घरात आणि कचेरीत मला 'ताव' म्हणतात, म्हणजे कासव. बारशाच्या दिवशीच हे नाव ठेवणाऱ्या माणसांच्या दूरदृष्टीचं मला कौतुक वाटतं.) बाईसाहेब मोठ्या घरच्या, त्यामुळे आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे दहन लगेच नाही, शंभर दिवसांनी; तोवर शवपेटी देवळात. शंभर दिवस म्हणजे साहेबाला कारकुनांना कामाला लावायला भरपूर वेळ.

दहनाला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या हातात एक पुस्तक ठेवायचं असतं. त्यात सुरुवातीला मृताचं चरित्र, मग ज्यांचं त्याच्याशी जन्मात पटलं नाही अशांचे श्रद्धांजलीचे लेख, आणि मागे काहीतरी वाचनीय मजकूर: धर्मोपदेश, रश्शांच्या कृती, नाहीतर गेलेल्या माणसाच्या आवडीची कादंबरी. पुस्तक जितकं जाड तितकं घराणं मोठं. वाचत कुणी नाही. देवळाच्या मंडपात चार वाजताच्या उकाड्यात वारा घ्यायला ते बरं पडतं, एवढंच.

"आईला 'कालव्यापलीकडचा दिवा' फार आवडायची," साहेब बैठकीत म्हणाले. "तीच छापायची. पण प्रत कुठे मिळत नाहीये."

विभागप्रमुखाची जागा तेव्हा रिकामी होती. ती ज्याला मिळणार नाही त्याची उत्तरेकडच्या डोंगरात बदली होणार, अशी कुजबुज होती. माझा हात आपोआप वर गेला. "माझ्या बायकोकडे आहे, साहेब. आम्ही टंकून देऊ. मुद्रितंही मीच तपासतो."

आता 'कालव्यापलीकडचा दिवा'विषयी. आमच्याकडे ही कादंबरी वाचून न रडलेली बाई सापडणार नाही, अपवाद माझी बायको. नायिका सेंगदुअन कालव्याच्या या तीरावर राहते, नायक पलीकडच्या. दोघांच्या घरच्यांचं वैर. मग सात वर्षं रोज संध्याकाळी नायिका होडीत बसून पलीकडे जाते, त्याच्या खिडकीतला दिवा बघते, उसासा टाकते आणि परत येते. मग तो परदेशी जातो, आणि शेवटी परततो तेव्हा तिला खोकला झालेला असतो आणि ती त्याच्या मांडीवर डोकं ठेवून प्राण सोडते. (पावसाळ्यात सात वर्षं कालव्यात फिरल्यावर खोकला होणारच, पण हे बोलायची सोय नाही.)

उबोन, म्हणजे माझी बायको, शाळेत भाषा शिकवते. ही कादंबरी ती दरवर्षी नववीच्या वर्गाला शिकवते आणि दरवर्षी घरी येऊन एकच प्रश्न विचारते.

"होडी वल्हवतं कोण?"

"म्हणजे?"

"म्हणजे सेंगदुअन उसासे टाकतेय. दोन्ही हात छातीवर. मग होडी पलीकडे जाते कशी?"

उत्तर पुस्तकातच आहे. पुई नावाची एक दासी मागे उभी राहून वल्हं मारते. अख्ख्या कादंबरीत ती अकरा वेळा "जी, बाईसाहेब" म्हणते. दुसरं काही बोलत नाही. उबोनने मोजलंय. सात वर्षांच्या साधारण अडीच हजार संध्याकाळी, त्यातल्या निम्म्या पावसाच्या, हेही तिने मोजलंय. शेवटी सेंगदुअन मरते तेव्हा पुई कुठे असते? लेखक सांगत नाही. "होडी बांधत असेल," उबोन म्हणते, "दुसरं कोण बांधणार?"

तर तीन वर्षं खपून उबोनने तीच कादंबरी पुन्हा लिहिली, पुईच्या तोंडून. नाव तेच, पहिलं वाक्यसुद्धा तेच. दोनशे पानं तिने स्वतः टंकली, तपकिरी पाकिटात घातली आणि माझ्या हातात ठेवली.

"पी ताव," ती म्हणाली. (पी म्हणजे दादा. आमच्याकडे बायका नवऱ्याला असंच म्हणतात. रागावल्या की पूर्ण नावाने हाक मारतात, त्यावरून हवामान कळतं.) "अजून कुणाला दाखवलेलं नाही. आधी तुम्ही वाचा. तुम्ही चांगलं म्हणालात तरच प्रकाशकाकडे पाठवीन. आणि खरं सांगा. मला उगाच बरं वाटावं म्हणून नको."

मी पाकीट कचेरीत नेलं आणि टेबलाच्या खणात ठेवलं. वाचणार होतो. अगदी वाचणारच होतो. पण आधी पावसाळा आला, मग जमिनीच्या मोजण्या आल्या, मग मुष्टियुद्धाचे सामने आले. दोन महिन्यांनी तिने विचारलं, "वाचलं?"

"वाचलं की. दोनदा."

"काय आवडलं?"

"पाण्याचं वर्णन." (आमच्या गावात कालव्याशिवाय काही नाही. इथे घडणाऱ्या कादंबरीत पाणी असणारच, हा माझा हिशेब.)

मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "कुणीच लक्ष देणार नाही असं वाटलं होतं मला त्या भागाकडे," ती म्हणाली. त्या दिवशी तिने माझ्या आवडीचा चिंच घातलेला माशाचा रस्सा केला. मी तो दोन वेळा वाढून घेतला. मला लाज वाटली नाही असं नाही. पण रस्सा गरम होता.

आठ महिने पाकीट खणात पडून होतं. प्रकाशकाकडे द्यायची दुसरी प्रत तिच्याकडे होती, पण तिचा धीर होत नव्हता. आणि मी दर आठवड्याला तिला "पाठव, पाठव, उत्तम आहे" असं सांगत होतो. म्हणजे बघा, खोटं बोलतानाही मी उत्तेजन देणारा नवरा होतो.

अशा परिस्थितीत मी बैठकीत हात वर केला.

उबोनने मूळ कादंबरी बाईसाहेबांसाठी रात्रंदिवस टंकून दिली. तिला ती आवडत नसूनही. "मेलेल्या माणसाच्या आवडीला नाक मुरडू नये," ती म्हणाली. पाकीट मी कचेरीत आणलं आणि त्याच खणात ठेवलं. दुसऱ्या दिवशी साहेबांनी छापखान्याचा माणूस बसवून हाक मारली, "ताव, हस्तलिखित आण."

खण उघडला तर दोन तपकिरी पाकिटं. एकावर कॉफीचा डाग, कोपरे मुडपलेले, कारण आदल्या दिवशी बसमध्ये मी त्यावर बसून आलो होतो. दुसरं कोरं करकरीत, चिकटवलेली कडसुद्धा जशीच्या तशी. आता तुम्हीच सांगा. एक पाकीट आठ महिन्यांपूर्वीचं आणि एक कालचं. नवं कुठलं असणार? कुठलाही शहाणा माणूस कोरं उचलेल. जे मी आठ महिन्यांत उघडलंच नव्हतं, ते नवं दिसणारच, हे लक्षात यायला शहाणपणाच्याही पुढचं काहीतरी लागतं.

तरी मी निष्काळजी नाही. पाकीट उघडून पहिलं वाक्य बघितलं. 'त्या संध्याकाळी कालव्याचं पाणी सोन्याचं झालं होतं.' हेच ते. सगळ्या देशाला पाठ असलेलं वाक्य. पाकीट छापखान्यात गेलं.

मुद्रितं आली तेव्हा उबोन म्हणाली, "आणा, मी बघते. तुम्हाला सवय नाही."

"नको," मी म्हणालो. "तू आधीच दमली आहेस. मी बघतो." त्या वाक्याचं मला स्वतःलाच इतकं कौतुक वाटलं की त्या भरात मी एकही पान वाचलं नाही. कचेरीत जशी जमिनीच्या उताऱ्यांच्या नकलांवर सही करतो तशी प्रत्येक पानाखाली करत गेलो: 'वाचले. दुरुस्ती नाही.' दोनशे वेळा. हात दुखला. काम केल्यासारखं वाटलं.

दहनाच्या दिवशी देवळाच्या मंडपात पाचशे माणसं. सगळे काळ्या कपड्यांत, प्रत्येकाच्या हातात चितेवर वाहायचं चंदनी सालीचं फूल आणि पुस्तक. पुढच्या रांगेत साहेबांचे नातेवाईक आणि शहरातली बडी मंडळी. मागे, स्वयंपाकाच्या पातेल्यांपाशी, घरचे नोकर. त्यांत लमियत मावशीही होती. वय ऐंशीच्या पुढे. बारा वर्षांची असताना ती बाईसाहेबांच्या घरी आली आणि तिथेच म्हातारी झाली. साहेबांना तिनेच मांडीवर खेळवलं होतं. बाईसाहेबांच्या चरित्रात (तेही मीच लिहिलं होतं) तिच्यावर एक वाक्य होतं: 'तरुणपणी त्या होडीने माहेरी जात, सोबत एक विश्वासू दासी असे.' तिचं नाव मी विचारलं नव्हतं. चरित्रात नावं वाढली की पानं वाढतात.

चार वाजता राज्यपाल येऊन चितेला अग्नी देणार होते. सव्वाचार झाले, पाच झाले. त्यांची गाडी पुलावर बंद पडल्याचा निरोप आला. आणि मग ते घडलं, जे आमच्या जिल्ह्यात कधी घडलं नव्हतं. करायला काहीच नाही म्हणून लोक पुस्तक वाचायला लागले.

सुरुवातीला तिसऱ्या रांगेतल्या एका जाड्या वकिलाच्या खांद्याला हिसके बसायला लागले. मला वाटलं, रडतायत. बाईसाहेबांवर इतकी माया असेल असं वाटलं नव्हतं. मग त्यांच्या बायकोने तोंडात रुमाल कोंबला. मग शाळेचे मुख्याध्यापक उठून मंडपाबाहेर गेले आणि बाहेरून शिंकल्यासारखा आवाज आला. मग सगळ्या मंडपात ती शिंक पसरली. माझ्या मागे बसलेली नर्सबाई शेजारणीला हळू आवाजात वाचून दाखवत होती:

"'त्या संध्याकाळी कालव्याचं पाणी सोन्याचं झालं होतं. म्हणजे त्यांच्यासाठी, ज्यांना वल्हवायचं नव्हतं. बाईसाहेब उसासा टाकायच्या तेव्हा डावीकडे झुकायच्या. प्रेम झालं की माणूस डावीकडेच का झुकतो देव जाणे, पण सात वर्षं होडी सरळ ठेवायला मी उजव्या पायावर उभी राहिले. त्यांच्या प्रेमावर लोक कविता करतात. माझ्या उजव्या गुडघ्यावर कुणी केली नाही.'"

मला गुडघ्याचा भाग मूळ कादंबरीत आठवेना. मी म्हटलं, असेल, शाळेत असताना माझं लक्ष नव्हतं. पण मग मी उबोनकडे बघितलं. ती पुस्तक उघडून बसली होती आणि तिचा चेहरा हळूहळू पांढरा होत होता. तेव्हा मला कळलं.

आणि एवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण लोक पानं उलटून पुस्तकाच्या सुरुवातीला गेले, चरित्रातलं होडीचं आणि विश्वासू दासीचं वाक्य त्यांनी वाचलं, आणि त्यांनी दोन्ही जोडलं. एकेक मान मागे वळायला लागली, पातेल्यांकडे. सगळ्या गावाची खात्री झाली की साहेबांनी स्वतःच्या आईच्या दहनात, स्वतःच्या खर्चाने, दासीची तक्रार छापून वाटली आहे.

साहेबांनी मला खांबामागे बोलावलं. त्यांचा आवाज अगदी शांत होता. अशा आवाजात ते बदलीचे हुकूम सांगतात.

"ताव, हे छापायला देण्याआधी तू वाचलंस?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात उबोनही तिथे पोहोचली. आता माझी अवस्था बघा. 'वाचलं' म्हणावं तर मी मुद्दाम साहेबांच्या आईची टिंगल छापली. 'वाचलं नाही' म्हणावं तर दोनशे सह्या खोट्या. आणि त्याहून वाईट म्हणजे, शेजारी उभ्या असलेल्या बाईला कळणार की तिच्या तीन वर्षांच्या कामाचं पाकीटसुद्धा मी फाडलं नव्हतं. डोंगरातली बदली मी सोसली असती. उबोनचे डोळे मी सोसू शकलो नसतो, हे मला त्या खांबामागे पहिल्यांदा कळलं.

"थोडं थोडं, साहेब," मी म्हणालो.

"थोडं म्हणजे?"

"शब्द सगळे वाचले. अर्थ राहून गेला."

"साहेब, चूक माझी आहे," उबोन म्हणाली. "दोन्ही पाकिटं मी सारखीच दिली. यांना माझं लिखाण फार आवडलं होतं. कचेरीत नेऊन दोनदा वाचलं त्यांनी. त्या नादात अदलाबदल झाली असणार."

"दोनदा वाचलं," साहेब म्हणाले, "आणि छापताना ओळखलं नाही?"

मी वर छताकडे बघितलं. तिथे पाल होती. तिलाही उत्तर माहीत नव्हतं.

"यांचं मन मोठं आहे, साहेब," उबोन म्हणाली. "माझं आणि मूळ लेखकाचं यांना सारखंच वाटलं असेल." आणि तिने माझ्या बाहीला हळूच हात लावला. आयुष्यात मला इतकं हलकट वाटलं नव्हतं. त्या क्षणी सगळं कबूल करायचं मी ठरवलं होतं. (खरंच ठरवलं होतं. करणार केव्हा, ते ठरवत होतो.)

तेवढ्यात मंडपात खुर्च्या सरकल्या. जाडे वकील आणि मुख्याध्यापक लमियत मावशीला दोन्ही बाजूंनी धरून पुढे आणत होते. पहिल्या रांगेत, साहेबांच्या आत्याच्या शेजारी, त्यांनी तिला बसवलं. मावशीच्या नाकावर चष्मा आणि मांडीवर पुस्तक होतं, बोट एका ओळीवर. साहेब धावले, त्यांच्यामागे आम्ही.

"मावशी, हे चुकून झालं," साहेब तिच्यापाशी गुडघ्यावर बसून म्हणाले. "तुला वाईट वाटलं असेल. हे सगळं मी परत घेतो. नवं छापतो."

"काय परत घेतोस, दित?" मावशी म्हणाली. "सत्तर वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला खुर्ची दिलीय. बसू दे थोडा वेळ."

"पण आईची बदनामी..."

"कसली बदनामी. तुझी आई वाचून सगळ्यांत आधी हसली असती. होडीत बसली की ती बडबड करायची आणि मी ऐकायचे. उसासे पण टाकायची, डावीकडेच." तिने चष्मा काढून बाहीने पुसला. "तिला पोहता येत नव्हतं. म्हणून होडीत असताना माझ्याशी कधी भांडली नाही. घरी गेल्यावर भांडायची. मला फार आठवण येते रे तिची. आज पहिल्यांदा कुणीतरी तिला आणि मला एकत्र लिहिलंय."

साहेबांनी नाक शिंकरलं आणि ते तिच्या पायाशी जमिनीवरच बसून राहिले. जाड्या वकिलांनी विचारलं, आणखी दोन प्रती मिळतील का. कुणीतरी म्हणालं, राज्यपालांची गाडी निघाली. बदली टळली, नोकरी वाचली, आणि बायकोला काही कळलं नाही.

"कुणी लिहिलंय हे?" मावशीने विचारलं.

"मी," उबोन म्हणाली आणि हात जोडून तिच्यासमोर बसली.

"चांगलं लिहिलंयस, पोरी. वल्हं मारायचं तर अगदी बरोबर. भरतीच्या वेळी टाच कुठे रोवायची तेसुद्धा." मावशीने पान उलटलं. "फक्त एक पटलं नाही मला. तो पुईचा नवरा."

आता मी सुटलो होतो, आणि सुटलेल्या माणसाला बोलायची हौस येते. मी हसून पुढे झालो. "नवरा? यात नवरा कुठे आहे, मावशी?"

उबोनने मान वळवली. सावकाश.

"पहिल्या पानावर आहे, जरून," ती म्हणाली. "दुसऱ्या परिच्छेदात. शेवटपर्यंत आहे."

मी हातातलं पुस्तक उघडून पहिलं पान शोधायला लागलो.

"तो बघ," मावशी बोट ओळीवर ठेवून म्हणाली. माझ्याकडे तिचं लक्ष नव्हतं. "होडीच्या पुढच्या टोकाला बसतो. सात वर्षं आंबे खातो. बायको वल्हं मारतेय आणि हा तिला सांगतोय, डावीकडे घे, उजवीकडे घे. आणि तिने जीव तोडून काही दाखवलं की वळून न बघता म्हणतो, छान आहे. इतका बिनकामाचा माणूस असतो का कुठे? सगळं खरं लिहिलंस, पण इथे फार वाढवलंस."

"मावशी," उबोन म्हणाली, "हे माझे यजमान."

मावशीने चष्मा पुन्हा नाकावर चढवला. आधी माझे बूट बघितले, मग पोट, मग चेहरा. मग पुस्तकातली ओळ पुन्हा एकदा वाचली आणि पुन्हा माझ्याकडे बघितलं.

"मग कमीच लिहिलंयस, पोरी," ती म्हणाली.